भूकंपाची मिशी

भूकंपाला मिशी होती. तीही ऐरीगैरी नाही, थेट केरुबिन आंचुंदियाची: डाव्या बाजूला किंचित झुकलेली, टोकांना पिंजारलेली, काथ्याचा एकेक धागा वेगळा करून चिकटवलेली.

एलिओदोरोने ते तोंड पाहिलं आणि चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चष्म्यात काही दोष नव्हता.

"कसा झालाय?" औरिस्तेलावहिनीने विचारलं.

"चांगला झालाय," तो म्हणाला. उभा जन्म त्याने शाळेत मुलांना प्रश्न विचारले होते, पण स्वतःला कुणी प्रश्न विचारला की त्याची अजून भंबेरी उडायची. "म्हणजे... हा कोण म्हणायचा?"

"कोण काय? भूकंप! दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतो की."

"मग झालं तर."

ती वाकून भूकंपाच्या सदऱ्याची बटणं लावू लागली. सदराही केरुबिनचाच, पांढरा, चार खिशांचा, एका खिशावर शाईचा जुना डाग असलेला. डोक्यावर त्याचीच बारीक विणीची गवती टोपी. किनाऱ्यावर होड्या लागायची वाट बघत केरुबिन जसा बसायचा, तसाच पायावर पाय टाकून भूकंप प्लास्टिकच्या खुर्चीत रेलला होता. आता उठेल आणि मासळीचा लिलाव पुकारायला लागेल, असं वाटत होतं.

एलिओदोरो मागच्या मागे सरकला. थोरल्या भावासमोरून तो नेहमी असाच सरकत आला होता.

एप्रिलच्या भूकंपापर्यंत बाजाराची इमारत जिथे होती, तिथे आता नगरपालिकेचं निळं ताडपत्रीचं छत होतं आणि छताला फलक होता: 'मनाची पुनर्बांधणी'. फलक लागला त्याच दिवशी फुल्विओ म्हणाला होता, "घरांच्या पुनर्बांधणीचं कापड संपलं वाटतं." फुल्विओ हा केरुबिनचा थोरला मुलगा. वय पन्नाशीचं, पोट साठीचं, आणि तोंड एप्रिलपासून फुगलेलं. छताखाली ऑगस्टपासून रोज दुपारी रद्दी, खळ आणि रंग मिळत. शिकवायला निएवेस नावाची डोंगराकडची मुलगी नेमली होती. ती किनाऱ्यावरच्या उन्हातही स्वेटर घालायची आणि कुत्र्याला हाकलतानासुद्धा 'कृपया' म्हणायची. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना विचारलं, "तुमचं मन आज कसं आहे?" औरिस्तेलाने कपाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "कॉफीसारखं. पातळ."

पण ती रोज जात राहिली. पुएर्तो ओंदोत वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरोघर कागदाचा आणि चिंध्यांचा एक म्हातारा करतात. तो म्हणजे सरतं वर्ष. चौकात त्याचं मृत्युपत्र वाचायचं, त्यात म्हाताऱ्याने गावातल्या एकेकाला काहीबाही ठेवून जाता जाता चिमटे काढायचे, आणि मग त्याला पेटवून द्यायचं. निएवेसने सांगितलं होतं, "या वर्षाबरोबर जे जावं असं वाटतं, ते करा." म्हणून यंदा छताखाली भूकंपच भूकंप होते: शिंगांचे, सुळ्यांचे, सात डोळ्यांचे. मिशीचा एकच.

आणि नगरपालिकेने ठरवलं होतं, की यंदा मध्यरात्र संध्याकाळी सात वाजता होईल.

"अग्निशामकांनाही घरी जेवायला जायचं असतं," निएवेसने कारण सांगितलं होतं. कारण खरं होतं, पण सगळं नव्हतं. एप्रिलपासून सातच्या सुमाराला गावात कुणी छपराखाली थांबत नसे. बायका चुलीवरचं तसंच ठेवून रस्त्यात येऊन उभ्या राहत, पुरुष उगाच होड्यांच्या दोऱ्या तपासत. भूकंपाची ती वेळ गावाच्या अंगातून गेली नव्हती. निएवेसने तीच वेळ मागून घेतली होती, आणि ही गोष्ट फक्त एलिओदोरोच्या लक्षात आली होती. तो मात्र हे कुणाला बोलला नव्हता, कारण आपल्या लक्षात आलेलं बहुधा चुकीचंच असतं, असा त्याचा अनुभव होता.

*

बदामाच्या झाडाखाली फुल्विओ आणि त्याची बहीण उबाल्दिना एकमेकांकडे पाठ करून उभे होते. घरची होडी विकल्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं. सुट्टीला शहरातून आलेली उबाल्दिना भावाला काही सांगायचं तर हवेला सांगायची.

"काका, पाहिलंत?" तिने एलिओदोरोचा दंड धरला.

"पाहिला."

"पाहिला काय म्हणता! ते बाबा आहेत."

"तुझी आई भूकंप म्हणते."

"भूकंपाला टक्कल असतं?" फुल्विओ मान वळवून म्हणाला. "टोपीखाली बघा. आणि कानात केस? ब्रशचे केस कापून लावलेत तिनं, काका. कानात!"

"आणि सातला ती त्यांना काडी लावणार," उबाल्दिना म्हणाली. "स्वतःच्या हातानं. तिला कळतंय तरी का? आठ महिने डोळ्यातून टिपूस नाही. दफनाच्या दिवशी मला म्हणाली, तुझ्या बुटाचा तळ सुटलाय. आता मध्येच तिला कळलं, की आपण कुणाला जाळलं, तर?"

"मी पहिल्यापासून सांगत होतो. लोकांना विटा पाहिजेत, हे खळ वाटतायत."

"कुणीतरी याला सांगा, की आईला तंबूतून बाहेर खळीनंच काढलं. यानं नाही काढलं."

"खळीनं नाही, केळ्याच्या भज्यांनी काढलं. दुपारी चारला देतात ना."

"ते काहीही असो. जाळायचं नाही."

"नाहीच जाळायचं!"

दोघंही दचकली. पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्याचं काय करायचं, हे दोघांनाही सुचेना. शेवटी फुल्विओने बहिणीच्या हातातली पिशवी उगाच आपल्या हातात घेतली.

तिघं निएवेसकडे गेली. ती रंगाचे ब्रश धुत होती.

"बाई, आमच्या आईच्या बाहुल्याला पहिलं बक्षीस द्या," फुल्विओ म्हणाला, "आणि नगरपालिकेत काचेच्या कपाटात ठेवून द्या."

"बक्षीस नाहीये, फुल्विओभाऊ. हा स्पर्धेचा उपक्रम नाही."

"आता आहे."

निएवेसने ब्रश खाली ठेवला. "मी त्यांना म्हटलं होतं, भूकंपाचे गाल खडबडीत करा. त्या ऐकेनात. पॉलिश कागद घेऊन घासत बसल्या. कागद झिजला, की दुसरा मागायच्या. बोट फिरवून बघायच्या आणि पुन्हा घासायच्या." ती जरा थांबली. "मला नाही वाटत, त्यांना माहीत नाही. पण जाळायचं की नाही, ते त्यांना कृपया तुम्हीच विचारा. मला धीर होत नाही."

भावाबहिणीने एकाच वेळी काकाकडे पाहिलं.

"मी?" एलिओदोरो म्हणाला.

"तुमचं ती ऐकते," उबाल्दिना म्हणाली. "आणि तसंही मृत्युपत्र तुम्हीच वाचणार ना आज? दाखवा बघू."

हीच ती गोष्ट, जिच्यामुळे एलिओदोरोला आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं. गावाचं मृत्युपत्र कायम केरुबिनने वाचलं. लिलावाचा तो गळा, ती जीभ; एलिओदोरो फक्त मागे उभा राहून यमक अडलं तर कुजबुजायचा. यंदा नगराध्यक्षांनी फर्मावलं, परंपरा आंचुंदियांच्या घरातच राहू द्या. घरात भाषेशी संबंध असलेला तोच एक होता. उबाल्दिनाने त्याच्या खिशातून कागद काढून वाचला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"काका, हे मृत्युपत्र आहे की पाद्रीबाबांचं प्रवचन? आशा... धीर... एकजूट. बाबांनी 'एकजूट' हा शब्द खेकड्यांच्या टोपलीशिवाय कशाला वापरला नसता."

"लोकांच्या जखमा ओल्या आहेत, दिना."

"म्हणून तुम्ही त्यांना झोपवणार?"

"मला ते येत नाही गं," एलिओदोरो हळूच म्हणाला. "टोचून बोलणं. मी बोललो, की ते लागतं. तो बोलला, की गुदगुल्या व्हायच्या."

*

औरिस्तेला भूकंपाच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसली होती. आपल्याच कंगव्याने ती त्याची मिशी विंचरत होती.

"या. पोरांनी पाठवलंय ना? जाळू नका म्हणतात?"

एलिओदोरोने मान हलवली.

"दोघं मिळून म्हणतात?"

"दोघं मिळून."

"चला. भूकंपानं एक तरी बरं काम केलं."

त्याला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. अलीकडे घरात सगळे हसू गिळत. औरिस्तेलाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तेच! तेच ते तोंड!" ती म्हणाली. "सगळ्या गावानं हे तोंड लावलंय मला बघून. कुणी चिडवत नाही, भावजी. कुणी नावं ठेवत नाही. परवा मेल्बानं मला मासळी तोलून दिली, बरोबर वजनाची! मेल्बानं! वर मूठभर कोळंबी जास्त घातली. तेव्हा मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही."

"लोकांना वाईट वाटतं, वहिनी."

"वाटू दे. पण मी काय काच आहे?" तिने कंगवा मांडीवर ठेवला. "त्याला मी शेवटचं काय बोलले, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

एलिओदोरोला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून तर त्या घरात टोचून बोलणं बंद पडलं होतं. हाताला कंप सुटल्यापासून केरुबिनची दाढी तीच करायची. त्या शनिवारी पाती संपली होती आणि गालावर खुंट वाढले होते. ती दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, 'जा, पाती घेऊन ये. हे साळिंदराचं तोंड घेऊन माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही!' केरुबिन हसत हसत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दुकानावर दोन मजले होते. ते खाली आले.

"नाही टाकलं त्यानं पाऊल," औरिस्तेला म्हणाली. "पण ते नाही मला डाचत. म्हणजे डाचतं, पण ते माझं मी बघेन. दुसरंच आहे. लग्न झाल्यापासून त्या माणसानं माझं एक बोलणं खाली पडू दिलं नव्हतं. सकाळी बोलले, तर दुपारी उत्तर. दुपारी नाही सुचलं, तर अंथरुणात उठून बसून उत्तर. आणि हे एवढं मोठं बोलले, तर उत्तरच नाही. रोज वाट बघते मी. वेड्यासारखी वाट बघते."

ताडपत्री वाऱ्याने फडफडली. एलिओदोरोने खिशातल्या कागदावर हात ठेवला.

"मृत्युपत्रात मला काय ठेवलंय?" तिने अचानक विचारलं.

"तुम्हाला? तुम्हाला... आशेचा दिवा."

तिने त्याच्याकडे शिळ्या मासळीकडे बघावं तसं पाहिलं.

"तंबूत वीज आलीय आता, भावजी," ती म्हणाली आणि पुन्हा मिशी विंचरू लागली. "जाळणार मी याला. पण आधी बोलू दे मेल्याला."

'याला' म्हणजे कुणाला, हे तिने सांगितलं नाही.

*

सातच्या आधी सगळं गाव मोकळ्यावर जमलं होतं. रोजच जमायचं, पण आज खुर्च्या होत्या. नगराध्यक्ष पुढच्या रांगेत इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. त्यांनी भाषणात 'सावरणे' हा शब्द इतक्या वेळा घेतला, की मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आम्ही सावरलो, आता घरं सावरा!" पण ते ओरडणंही अर्ध्या मनाचं होतं. कुणी हसलं नाही. लोक घड्याळाकडे बघत होते आणि मग वर, डोक्यावर काही नाही ना, तिकडे बघत होते.

बाहुले ओळीने मांडले होते. केरुबिनसमोर आल्यावर प्रत्येक माणूस थबकत होता, टोपीला हात लावत होता आणि "छान भूकंप हं, ताई" असं म्हणून पुढे सरकत होता.

"विधवा कुठायत?" औरिस्तेलाने मोठ्याने विचारलं.

दरवर्षी गावातले पुरुष बायकांचे झगे घालून, ओठ रंगवून, सरत्या वर्षाच्या विधवा होतात. गळे काढतात, गाड्या अडवून सुटे पैसे मागतात. निएवेस पुढे झाली. "औरिस्तेलाबाई, कार्यालयात असं ठरलं... यंदा गावात खऱ्याच इतक्या... ते बरं दिसलं नसतं."

"म्हणजे मी एकटीच? इतकी वर्षं हे धटिंगण हौसेनं रडले, आणि माझी पाळी आली तेव्हा सगळे सुट्टीवर?"

फुल्विओ खुर्ची मागे ढकलून उठला आणि तंबूंच्या दिशेने चालू लागला.

"गेला," उबाल्दिना पुटपुटली. "काही झालं की जातो."

एलिओदोरोचं नाव पुकारलं गेलं. तो पुढे गेला. त्याने कागद उलगडला आणि तो वाचू लागला. आपला आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचून तिथेच बसतोय, हे त्याला ऐकू येत होतं. 'मी, सरतं वर्ष, तुम्हा सर्वांना आशेचा वारसा देत आहे...' कुणीतरी जांभई दिली. मेल्बा मासळीवाली मान खाली घालून नखं बघत होती. सगळे फार चांगले वागत होते.

"भावजी!" पहिल्या रांगेतून औरिस्तेलाचा आवाज आला. "हे कोण बोलतंय?"

"सरतं वर्ष, वहिनी."

"त्याचं तोंड बघा आणि सांगा, असं बोलेल का ते?"

एलिओदोरोने वळून पाहिलं. पायावर पाय, वाकडी मिशी, टोपी जराशी मागे. आणि आयुष्यभर ज्याच्या पाठीमागे उभं राहून आपण यमकं कुजबुजली, तो आज आपल्या मागे बसला आहे हे त्याला दिसलं. आपल्याला एकही यमक न सांगता. त्याने कागदाची घडी केली. ती नीट होईना, तसा त्याने तो बोळाच करून खिशात कोंबला.

"मेल्बाला देतो तराजू माझा," तो म्हणाला, आणि घाबरून थांबला. मेल्बाने मान वर केली. "मेल्बाला देतो तराजू माझा, खरं वजन दावी, तिच्या हाताला सवय नाही, हळूहळू व्हावी!"

मग मेल्बाने तोंडाला पदर लावावा तसा ओढणीचा शेव लावला आणि तिचे खांदे हलू लागले. "मेला!" ती ओरडली. "मेला तरी माझ्या तराजूवर डोळा!"

"निएवेसला देतो गळा माझा, गावभर जो वाजे, तिचं 'कृपया' ऐकायला कान लागतात ताजे!"

"धन्यवाद," निएवेस म्हणाली. ते कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि त्यावरच मोठा हशा झाला.

"नगराध्यक्षांना चष्मा देतो, काच त्याची जाड, घरं कुठं बांधलीत सांगा, मला दिसतं फक्त झाड!"

नगराध्यक्ष एक श्वास उशिरा हसले, पण हसले. एलिओदोरोचे कान तापले होते. आवाज आपला नव्हताच जणू. चौथ्या रांगेपर्यंत, पाचव्या रांगेपर्यंत जात होता.

"फुल्विओला देतो तोंड माझं, वापरलेलं खूप, त्याचं सदा फुगलेलं असतं, बघवत नाही रूप! अरे, फुल्विओ कुठाय?"

आणि तेवढ्यात तंबूंच्या बाजूने एक भयंकर गळा निघाला. कुत्री उठली. लोकांनी वळून पाहिलं, तर ठिपक्याठिपक्यांचा पिवळा झगा, त्यात न मावणारं पोट, डोक्याला काळं फडकं, ओठ नाकापर्यंत रंगवलेले, आणि छातीवर दोन पपया. फुल्विओ धावत आला आणि त्याने बाहुल्याच्या पायावर लोळण घेतली.

"टाकून चाललास रे मला, माझ्या राजा! नगरपालिकेचं घर मिळेपर्यंत तरी थांबायचं होतंस! आणखी वीस वर्षं जगला असतास रे!"

खुर्च्या कोलमडल्या. उबाल्दिना हसता हसता रडायला लागली होती आणि "हा माझा भाऊ, हा माझा भाऊ" असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती.

"तो माझा झगा आहे," औरिस्तेला म्हणाली.

फुल्विओने फडकं सारून तिच्याकडे पाहिलं. "आणि तू कोण गं बाई? माझ्या नवऱ्याला एवढी खेटून का बसलीस?"

"मी पहिली आहे, भवाने! तू मागून आलीस!"

"म्हणूनच तो माझ्याकडे यायचा!"

"झगा उसवला तर तुझी सालं काढीन!"

लोक पोटं धरून वाकले होते. गावात कुठल्यातरी घड्याळाने सातचे ठोके दिले असतील, पण ते कुणी मोजले नाहीत. औरिस्तेला मात्र उठून उभी राहिली आणि हळूहळू हसणं विरत गेलं. ती एलिओदोरोकडे बघत होती.

"आणि मला?" ती म्हणाली. "मला काय ठेवलंय?"

फुल्विओ गुडघ्यांवर तसाच राहिला. उबाल्दिनाने मान हलवली: नको, काका. एलिओदोरोचा हात खिशाकडे गेला. आशेचा दिवा खिशात होता, बोळा झालेला, पण होता. तो काढला तर सगळे समजून घेतील. सगळे फार चांगले आहेत. मग त्याची नजर बाहुल्याच्या गालांवर गेली, पॉलिश कागदांच्या घासण्याने तुकतुकीत झालेल्या गालांवर. संध्याकाळचा उजेड त्यांवर सांडला होता. आणि एकाएकी त्याला कळलं, की ती इतके दिवस काय करत बसली होती.

तो बोलला. फार मोठ्याने नाही. पण इतकी शांतता होती, की ऐकू गेलं.

"दाढी करून आलोय बघ, गाल झाले मऊ;
आता तुझंच घर नाही, मी पाऊल कुठं ठेवू?"

आपण एका बाईचं काळीज भर चौकात फाडलं, अशी एलिओदोरोची खात्री झाली. त्याने डोळे मिटून घेतले. म्हणून पुढचं त्याने पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. आधी नाकातून आल्यासारखा एक बारीक आवाज. मग दुसरा. मग औरिस्तेला आंचुंदिया, जिने दफनाच्या दिवशी बुटाचे तळ बघितले होते, मोठ्याने हसू लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि त्यातून आठ महिन्यांचं रडू बाहेर आलं. फुल्विओपेक्षा मोठं. खोट्या विधवेने खऱ्या विधवेला पपयांसकट मिठी मारली. मेल्बा उठली. ज्यांची ज्यांची माणसं गेली होती, त्या एकेक करून उठल्या, कुणाच्याही गळ्यात पडल्या आणि कुणाला कशाची लाज वाटली नाही.

मग औरिस्तेलाने झग्याच्या बाहीला, फुल्विओच्या अंगातल्या आपल्याच झग्याच्या बाहीला, नाक पुसलं आणि बाहुल्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवले.

"तंबूला उंबरा नसतो, मेल्या!" ती म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "हवं तिथून ये!"

तिने बाहुल्याच्या डोक्यावरची टोपी काढून फुल्विओच्या काळ्या फडक्यावर ठेवली. "चांगली टोपी कुणी जाळतं का?" निएवेसने काडेपेटी पुढे केली. औरिस्तेलाने गालावरून एकदा हात फिरवला, उलटा, दाढी बघतात तसा, आणि काडी ओढली. मिशीने आधी पेट घेतला. कोरडा काथ्या तो. उबाल्दिना भावाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. होडीचं काय ते उद्या बघता आलं असतं.

एलिओदोरो बदामाच्या झाडाखाली जाऊन बसला. बऱ्याच वेळाने औरिस्तेला त्याच्यासाठी कॉफी आणि भाजक्या मक्याची पूड भुरभुरलेलं केळं घेऊन आली आणि शेजारी टेकली. समोर आग बसत चालली होती.

"दुसरी ओळ लंगडत होती, भावजी," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"त्यानं यापेक्षा बरी जुळवली असती."

"हो."

"शाळेत काय शिकवलंत इतकी वर्षं, देव जाणे."

एलिओदोरोने कपात तोंड घातलं. कॉफी पातळ होती. हसू मात्र त्याने या खेपेला गिळलं नाही.